प्रयोगवही : गुलाबी झालेले खडे, गार पडलेलं तेल

या खेपेला पाच पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी 4 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि नंतर 29 वर्षं रासायनिक अभियांत्रिकी शिकवली. उत्तरं त्या अनुभवातून येतात. एक उत्तर बरंच लांबलंय, कारण ते पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही.

मी 24 वर्षं गिरणीच्या रंगखात्यात होतो. नाल्याचं पाणी बघून आज कुठल्या रंगाचं कापड निघालं ते आम्ही ओळखायचो. नातू माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जायचं म्हणतोय. तिथे संशोधन चालतं ते कुणाच्या कामाचं? आमच्या नाल्याचा रंग तर शेवटपर्यंत गेला नाही.
— एक आजोबा, लालबाग

काका, माझे वडीलही रंगखात्यातलेच. त्यांच्या नखांच्या कडांचा निळा रंग रविवारीसुद्धा निघायचा नाही. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि पुढे काही महिन्यांनी ती नखं पहिल्यांदा स्वच्छ दिसली. आईला ते बघवत नसे. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

तुमचा नातू जिथे जाऊ म्हणतोय ती संस्था तुमच्या खात्याच्या गरजेतूनच उभी राहिली आहे. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. जुनी माणसं अजून त्याला 'यूडीसीटी' म्हणतात. सुरुवातीला विषय दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. कारण उघड आहे, गिरण्यांना रंग जाणणारी माणसं हवी होती. 1938 मध्ये तिथे प्रमुख झालेले के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनातलं मोठं नाव. पुढे 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. 2008 मध्ये माटुंग्याच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता नाल्याकडे येते. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आले ते 1956 मध्ये. हा रंग धाग्याला नुसता चिकटत नाही, धाग्याशी रासायनिक बंध जोडतो. म्हणूनच धुतला तरी टिकतो. पण ज्या अल्कलीत तो धाग्याशी जोडला जातो त्याच अल्कलीत तो पाण्याशीही जोडला जातो, आणि टाकीत धाग्यापेक्षा पाणी कितीतरी जास्त असतं. पाण्याशी जोडलेला रंग मग कुठल्याच कामाचा राहत नाही. साबणाच्या धुण्यात तो सुटतो आणि थेट गटारात जातो. त्याच्या जोडीला मीठ. पाण्यात सूत आणि रंग दोन्ही ऋण भाराचे असतात, एकमेकांना ढकलतात. ती ढकलाढकली कमी व्हावी म्हणून टाकीत मिठाची पोती रिकामी करायची. ती पोती तुम्हीही उचलली असतील.

संशोधन नेमकं इथे झालं आहे. एका रेणूला एकाऐवजी दोन आकडे, म्हणजे धाग्याला अडकणारे हुक, असलेले रंग निघाले, म्हणजे एक आकडा पाण्याने खाल्ला तरी दुसरा धाग्याला अडकतो. धाग्यावर आधी प्रक्रिया करून त्याला धन भार द्यायचा, म्हणजे मीठ कमी लागतं, हाही मार्ग शोधला गेला. पॉलिस्टरसाठी तर पाणीच नको म्हणून कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगाई करतात. 31 अंश सेल्सिअस आणि साधारण 74 बार दाबाच्या वर हा वायू धड वायूही राहत नाही आणि द्रवही होत नाही. त्या अवस्थेत तो पॉलिस्टरचा रंग विरघळवतो आणि धाग्याच्या आत नेऊन पोचवतो. सुताला मात्र ही युक्ती तशीच्या तशी लागू पडत नाही.

नाल्याचा रंग गेला नाही, हे तुमचं म्हणणं मी नाकारणार नाही. पाणी स्वस्त आणि नाला फुकट असेल तर महागडा रंग कोण घेणार? प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट कारखान्याच्या फाटकावर अडते ती बहुतेक वेळा पैशापाशी. तुम्ही नातवाला एक मात्र द्या. टाकीत रंग कसा चढायचा, कुठल्या दिवशी चट्टे पडायचे, मास्तर कुणाला का ओरडायचा, सगळं सांगा. वर्गात बसण्याआधी त्याला हे ठाऊक असेल तर तो बाकीच्यांच्या दोन वर्षं पुढे असेल.

माझी मुलगी मुंबईतल्या एका संस्थेत पीएच.डी. करते. तिसरं वर्ष सरत आलं. विषय कॅटॅलिस्टचा आहे, त्यापुढचं मला कळत नाही. पहिल्या वर्षी एका बॅचला फार चांगला आकडा आला, सर खूश होते. तो आकडा परत कधी आलाच नाही. रात्री 11 च्या लोकलने येते, नीट जेवत नाही. परवा म्हणाली, "आई, मीच कुठेतरी चुकतेय, सोडून देते." नातेवाईक विचारतात, अजून किती शिकणार? मी तिला काय सांगू?
— एक आई, डोंबिवली

ताई, नातेवाइकांचं आधी उरकू. तुमची मुलगी शिकत नाही, काम करते आहे. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 रुपये आहे, घरभाड्याचा भत्ता वेगळा. तिची शिष्यवृत्ती दुसरी कुठली असली तरी तो कामाचा मोबदला आहे. "ती नोकरीला लागली का?" असं कुणी विचारलं तर "लागली" म्हणा. त्यात खोटं काही नाही.

ती काय करते हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ. घन उत्प्रेरक दिसायला साधी पूड असते, पण आत छिद्रंच छिद्रं, आणि सगळी क्रिया त्या छिद्रांच्या भिंतींवर होते. सक्रिय कोळशाचं उदाहरण घ्या. चांगल्या प्रतीच्या 1 ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे 400 चौरस फुटांच्या 25 हून जास्त घरांचा कार्पेट एरिया चिमूटभर पुडीत. तुमची मुलगी अशा न दिसणाऱ्या खोल्या बांधते आहे आणि प्रत्येक वेळी त्या तशाच्या तशा बांधल्या गेल्या पाहिजेत, असा तिचा प्रयत्न आहे. ते जमत नाही म्हणून ती रडते. ताई, ते फार अवघड काम आहे. तिला कमी समजू नका, तिलाही स्वतःला कमी समजू देऊ नका.

आता माझी गोष्ट. 1987 साली मी पीएच.डी. करत होते. उत्प्रेरक म्हणून आयन-एक्स्चेंज रेझिन वापरत होते, तपकिरी मोहरीसारखे मणी असतात त्याचे. मे महिन्यात आलेख असा सुंदर आला की मी तो घरी नेऊन वडिलांना दाखवला. जूनच्या शेवटापासून आकडे घसरायला लागले. तेच रेझिन, तेच तापमान, तोच ढवळण्याचा वेग. जुलैत अजून घसरले. मी अभिक्रियेची रसायनं बदलली, थर्मामीटर बदलला, नव्या बाटलीतलं रेझिन घेतलं. ऑगस्टमध्ये तर मी सरांना तोंड दाखवायचं टाळत होते. तिसरा महिना लागला होता.

आमच्या लॅबमध्ये एक मामा होते, काचसामान धुवायचे, गॅसचे सिलिंडर बदलायचे. सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी डेसिकेटरमधून वाळवलेलं रेझिन काढत होते. ते मागून म्हणाले, "बाई, हे खालचे खडे कधीचे गुलाबी झालेत. भाजायचे नाहीत का?"

डेसिकेटर म्हणजे पदार्थ कोरडा राहावा म्हणून ठेवायचं काचेचं झाकणबंद भांडं. त्याच्या तळाशी सिलिका जेलचे खडे असतात. कोरडे असले की निळे, ओल भरली की गुलाबी. भट्टीत तापवले की पुन्हा निळे होतात. मी रेझिन ओव्हनमध्ये वाळवत होते आणि रात्रभर मुंबईच्या पावसाळी दमटपणात, ओल्या खड्यांवर ठेवत होते. त्या रेझिनवरच्या आम्ल जागांना पाणी फार प्रिय. पाणी त्या जागा अडवून बसतं आणि माझ्या रसायनांना शिरकावच मिळत नाही. जवळपास तीन महिने ते खडे माझ्या हाताखाली गुलाबी होते आणि मला दिसले नाहीत, कारण मी फक्त आकड्यांकडे बघत होते.

पण मी एक बरं केलं होतं. वाईट आलेल्या प्रत्येक प्रयोगाची तारीख, वेळ, रेझिन कधी काढलं, सगळं वहीत होतं, एकही पान फाडलं नव्हतं. मग मी रेझिन व्हॅक्युम ओव्हनमध्ये नीट वाळवलं, आणि मुद्दाम मोजून थोडं थोडं पाणी घालत तीच अभिक्रिया पुन्हा पुन्हा केली. किती पाण्याला वेग किती उतरतो याचा आलेख निघाला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण ते. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. मामांचे आभार मी प्रबंधात पहिल्या पानावर मानले आहेत.

पुढचा मजकूर मुलीला वाचायला द्या.

बाळ, तू चुकतेस असं तू धरून चालली आहेस. आधी हे तपास की पहिला आकडा बरोबर होता का. सगळेजण त्या एका चांगल्या बॅचच्या मागे धावतात, तिची उलटतपासणी कुणी करत नाही. त्या दिवशी गॅस क्रोमॅटोग्राफचं कॅलिब्रेशन कधीचं होतं? जेवढा कार्बन आत घातलास तेवढा बाहेर मोजला गेला का? हिशेब जुळत नसेल तर तो आकडा डोक्यातून काढून टाक, आणि तुझी नंतरची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत हेही त्याबरोबर लक्षात घे.

हिशेब जुळत असेल तर बनवण्याच्या पायऱ्यांवर ये. अवक्षेपणाची पद्धत असेल तर थेंब किती वेगाने पडले आणि त्या वेळी पीएच किती होता हे पाहा. धुणं पुरेसं झालं होतं का? क्लोराइडच्या क्षारापासून बनवत असशील तर धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून बघ, पांढुरकं झालं तर क्लोराइड अजून आहे. सोडियम राहिलं तर आम्ल उत्प्रेरकाच्या जागा मरतात, हे तू वाचलेलं असेलच, पण स्वतःच्या बॅचमध्ये सोडियम किती ते मोजलं आहेस का? मफल भट्टीत मागच्या बाजूला आणि दाराशी तापमान सारखं नसतं. क्रुसिबल त्या दिवशी कुठे ठेवलं होतं? तापमान मिनिटाला किती अंशांनी चढवलंस? आणि महिना कुठला होता? मुंबईत हा प्रश्न विचारावाच लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन बॅच एकाच पद्धतीने, एकाच आठवड्यात कर, काही सुधारायचा प्रयत्न न करता. त्या तिघी एकमेकींशी जुळल्या तर आकडा 86 असो की 55, तुझ्या पायाखाली जमीन आहे. जुळल्या नाहीत तर दोष बनवण्यात आहे हे निश्चित झालं, आणि तेही कळणं म्हणजे काहीतरी हाती लागणंच. हे सगळं घेऊन सरांसमोर बस. "जमत नाही" असं म्हणू नकोस, वही उघडून दाखव.

आणि सोडण्याबद्दल. तुझे मार्गदर्शक महिनोन्महिने भेटत नसतील, तुझ्या वाईट आकड्यांवर ओरडत असतील, किंवा आकडा "जुळवून" आण असं कुणी सुचवत असेल, तर सोड. लाज वाटायचं काही कारण नाही. तळोजा, तारापूर, पाताळगंगा, सगळीकडे तुझ्यासारख्या हातांची गरज आहे. पण नुसतं एक आकडा परत येत नाही म्हणून सोडू नकोस. आणि रात्री 11 ची लोकल बंद कर. थकलेल्या डोळ्यांना गुलाबी खडे दिसत नाहीत.

मी बारावीला आहे. केमिस्ट्री, केमिकल इंजिनिअरिंग आणि मटेरियल्स इंजिनिअरिंग यांत नक्की फरक काय? क्लासमधले सर म्हणतात, सगळं सारखंच, मार्क बघून घे.
— एक विद्यार्थी, कल्याण

सारखं नाही रे. दिवाळीत आईच्या शेजारी उभा राहा म्हणजे कळेल.

चकलीच्या भाजणीत काय काय पडतं आणि तळताना त्याचं काय होतं, हे केमिस्ट्री. आता घरी कढईत एका वेळी चार चकल्या सोडल्या की खुसखुशीत होतात. उरकायचं म्हणून दहा सोडल्या की तेल गार पडतं, चकल्या तेल पितात, मऊ राहतात. पीठ तेच, तेल तेच, गॅसही तोच. बदलली ती फक्त संख्या. मग 400 किलो चकली रोज काढायची तर कढई केवढी, आच किती, तेल कसं फिरवायचं? हा विचार म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग.

कारखान्यात प्रश्न बहुधा उलटा असतो, उष्णता द्यायची नसते, काढायची असते. 1 लिटरच्या फ्लास्कमध्ये अभिक्रिया तापली तर बर्फात ठेवता येते. तीच अभिक्रिया त्याच आकाराच्या 1000 लिटरच्या भांड्यात केली की माल हजारपट होतो, पण भिंत फक्त शंभरपट. म्हणजे दर लिटरच्या वाट्याला येणारी भिंत दहावा भाग राहिली, आणि उष्णता बाहेर जाते ती भिंतीतूनच. नायट्रेशनसारख्या भरपूर उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत हा हिशेब चुकला तर माणसं मरतात. कारखान्यात असताना एका रात्रपाळीत तापमानाचा काटा थांबेना म्हणून ऑपरेटरने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं होतं. तो काटा नंतर उतरला. ते भांडं कुणी प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून थेट मोठं केलं होतं, मधली पायरी गाळून. त्या रात्रीनंतर मी पायलट प्लांट, म्हणजे मधल्या आकाराचा चाचणीचा कारखाना, हा शब्द कधी हलका घेतला नाही.

आणि मटेरियल्स? पितळेच्या भांड्यात आमटी कळकते हे आजीने सांगितलं असेल. चिंचेचं आम्ल पितळेतलं तांबं ओढून काढतं, तेच ते कळकणं. कल्हईवाला भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो. नवसागर तापला की त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर साफ करतं. मग 232 अंशांना वितळणारं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवलं की ते धातूला घट्ट धरतं. पृष्ठभाग आधी साफ केल्याशिवाय थर बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कुठला पदार्थ का गंजतो, का तुटतो, त्याची आतली रचना बदलून त्याला हवं तसं कसं वागायला लावायचं, हा मटेरियल्सवाल्यांचा प्रांत. तुमच्या घरातल्या स्टीलच्या डब्याला कल्हई लागत नाही कारण त्यातलं क्रोमियम स्वतःच काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतं, आणि ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा भरून येतो.

तुला कुठला प्रश्न रात्री आठवतो ते बघ आणि ती शाखा घे. पदवीनंतर संशोधनाकडे वळावंसं वाटलं तर गेट परीक्षेत केमिकल आणि मेटलर्जी अशा वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत, आणि गुण 3 वर्षं चालतात. गिरगावात महापालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर माटुंग्यालाच 1966 मध्ये केमिकल इंजिनिअर झाले आणि 1969 मध्ये पीएच.डी. त्यांचे मार्गदर्शक मनमोहन शर्मा 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वायू द्रवात शिरताना काय वेगाने शिरतो आणि तिथे अभिक्रिया कशी होते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर शर्मासरांनी आयुष्य घातलं आहे.

आमची सोसायटी समुद्राजवळ आहे, इमारत 34 वर्षांची. खांबांना उभे तडे गेलेत, दोन ठिकाणी सळई दिसते. ठेकेदार म्हणतो, गंज खरवडून गंजरोधक रंग लावू, वर पॉलिमरचं प्लास्टर मारू, 10 वर्षं बघायला नको. सभासद खर्चाला तयार नाहीत म्हणून हा स्वस्त मार्ग बरा वाटतो. तुमचं मत?
— सोसायटीचे सेक्रेटरी, वर्सोवा

सेक्रेटरीसाहेब, माझं मत आहे की तपासणीआधी ठेकेदाराला एक रुपयाही देऊ नका.

ओल्या सिमेंटपासून झालेलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच 12.5 ते 13 च्या घरात. त्या अल्कलीत सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि लोखंड शांत पडून राहतं. तो थर दोन तऱ्हांनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि अल्कली मारतो. किंवा खाऱ्या वाऱ्यातलं, कधी बांधकामाच्या वाळूतलंच, क्लोराइड सळईपर्यंत पोचतं आणि अल्कली शाबूत असतानाही थराला भोकं पाडतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीट फोडतो. तुमचे उभे तडे सळईला समांतर असतील, बघा.

तुमच्याकडे बहुधा दोन्ही असणार, आणि प्रमाण कळल्याशिवाय इलाज ठरत नाही. अल्कली गेली का हे बघायला काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. शाळेत टायट्रेशनला वापरलेलं तेच. गुलाबी झालं तर अल्कली आहे, रंग आला नाही तर गेली. क्लोराइडसाठी वेगवेगळ्या खोलीवरचा भुगा काढून प्रयोगशाळेत तपासतात. आणि कॉपर-कॉपर सल्फेटच्या अर्धघटाने खांबावर जागोजागी विभव, म्हणजे विजेचा दाब, मोजतात. उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आकडा आला तर तिथे आत गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात.

स्वस्त ठिगळाचा धोका हा की, क्लोराइड भरलेल्या खांबात मधेच नवं स्वच्छ काँक्रीट घातलं की ठिगळाखालची सळई सुरक्षित होते आणि कडेच्या जुन्या भागातली सळई जास्त वेगाने गंजायला लागते. एकाच सळईवर बॅटरीची दोन टोकं तयार होतात. दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या चौफेर नवा तडा दिसतो आणि ठेकेदार म्हणतो, हा भाग करारात नव्हता. क्लोराइड खोल गेलं असेल तर खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागतं, किंवा कडेला जस्ताचे बळी-अ‍ॅनोड बसवावे लागतात. जस्त स्वतः गंजतं आणि लोखंड वाचवतं.

30 वर्षांवरच्या इमारतीला मुंबई महापालिकेच्या कायद्यातल्या कलम 353-बी प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावीच लागते. तुमची ती 4 वर्षं राहिलेली दिसते. माटुंग्याची व्हीजेटीआय आणि पवईची आयआयटी इथले तज्ज्ञही हे काम करतात. सभासदांच्या बैठकीत एका सुट्या पडलेल्या ढपलीवर सगळ्यांसमोर फिनॉल्फ्थॅलीन टाकून दाखवायला सांगा. रंग आलाच नाही की खर्चाची चर्चा वेगळ्या सुरात सुरू होते, असं मी दोन सोसायट्यांत पाहिलं आहे. आणि तोवर त्या दोन खांबांखाली मुलांना खेळू देऊ नका, गाड्याही लावू देऊ नका.

आमच्या गटाने पाणी शुद्ध करणारा एक नवा मेम्ब्रेन बनवला आहे. पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर आहे. पेटंट त्यानंतर केलं तर चालेल ना?
— एक संशोधक, चेंबूर

नाही. पोस्टर लावलं की शोध जगजाहीर झाला, आणि जगजाहीर गोष्ट नवी मानली जात नाही. आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला 12 महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तुमचं पोस्टर तीत बसेलच याची खात्री कोण देणार? आणि युरोपात ती सवलत चालत नाही.

पूर्ण मसुदा तयार नसला तरी अडत नाही. तात्पुरता अर्ज आधी करा, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. मेम्ब्रेनची रचना, बनवण्याची पद्धत आणि आत्ता हाती आहेत तेवढी मोजमापं त्यात स्पष्ट लिहा, कारण जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सूट आहे. अर्ज ऑनलाइन होतो, आणि पेटंट कार्यालय तुमच्यापासून फार लांब नाही, अँटॉप हिलला आहे. अर्जावर त्या विद्यार्थिनीचंही नाव घाला जिने मेम्ब्रेन प्रत्यक्ष ओतला आणि ज्या दिवशी तो फाटला नाही त्या दिवशी काय वेगळं केलं ते ओळखलं. अर्जाचा क्रमांक हाती येईपर्यंत पोस्टर गुंडाळलेलंच ठेवा.